मामींच्या खारोड्यांची मशीन

पाकिटावर मामींचा फोन नंबर छापायचा, एवढंच मी ठरवलं होतं. माणूस याहून मोठमोठे निर्णय घेतो आणि त्यातून काही म्हणता काही होत नाही. मी स्वतः लग्नाचा निर्णय घेतलेला आहे (म्हणजे तो घेतला गेला तेव्हा मी तिथे हजर होतो), आणि जग होतं तसंच चालू राहिलं. पण या एका नंबरानं परभणीपासून झरीपर्यंत सगळं ढवळून काढलं, आणि त्या ढवळण्यात मी तळाला गेलो.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, सरजाबाई. झरीला राहतात. तिथल्या बायकांचा बचत गट त्या चालवतात, आणि जमलं तर जावयालाही चालवतात. गटाचा माल म्हणजे कारळाची चटणी, येसर आणि खारोड्या. (लांबच्या वाचकांसाठी सांगतो : येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ, उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी तयार. खारोड्या म्हणजे बाजरीच्या भरड्याच्या, उन्हात वाळवलेल्या तिखट, कुरकुरीत गोळ्या. शेंगदाण्याबरोबर नुसत्या खायच्या. एकदा बसलं की डबा संपल्याशिवाय उठता येत नाही.)

मी परभणीत एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. आलेला कागद पुढे ढकलायचा आणि पुढचा परत आला की मागे ढकलायचा, असं जबाबदारीचं काम. एकदा शेतमालाच्या विक्रीवर कसलं तरी प्रशिक्षण होतं. जायचं होतं साहेबांना, पण त्यांच्या घरी पाहुणे आले म्हणून त्यांनी मला ढकललं. जेवण चांगलं होतं, त्यामुळे मी दुपारच्या सत्रातही जागा राहिलो. तिथे पुण्याच्या एका कंपनीच्या अर्पितामॅडमनी पडद्यावर एक मशीन दाखवली. कपाटाएवढी, समोर काच, आत ओळीनं पाकिटं. नंबर दाबायचा, मोबाइलवरून पैसे द्यायचे, आतली स्प्रिंग फिरते आणि पाकीट खाली येतं.

"मध्ये व्यापारी नाही, दलाल नाही, दुकानदार नाही," मॅडम म्हणाल्या. "उत्पादक आणि ग्राहक, थेट! परभणीसाठी एक मशीन ट्रायलवर द्यायची आहे. जबाबदारी कोण घेईल?"

माझा हात वर गेला. (खरं म्हणजे मी पंखा वाढवा म्हणणार होतो. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर पंख्याचं बोलता येत नाही.)

घरी येऊन मी बायकोला, म्हणजे धम्मशीलाला, सगळं सांगितलं. ती शाळेत शिक्षिका आहे. मधल्या बाकावरच्या पोरानं अचानक उत्तर दिल्यावर बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "आईच्या गटाला खरंच उपयोग होईल हो," ती म्हणाली. हे वाक्य मी लग्नानंतर प्रथमच माझ्या बाबतीत ऐकत होतो. मामींच्या मते मी एक निरुपद्रवी प्राणी होतो. दिवाळीला येतो, जेवतो, जातो. आता मात्र मी झरीला काहीतरी घेऊन चाललो होतो.

मामींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी दुकानात मानूस न्हाई?"

"नाही."

"मंग गिऱ्हाइकानं बोलायचं कुणासंगं?"

"बोलायचंच नाही, मामी. नंबर दाबला की पाकीट खाली पडतं."

"पडतं?" मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "खायची वस्तू वरून टाकायची? लोकाच्या हातात द्यायची न्हाई?"

मी स्प्रिंगचं शास्त्र समजावून सांगितलं. मला ते फारसं समजलं नव्हतं, त्यामुळे समजावायला बराच वेळ लागला. शेवटी मामी म्हणाल्या, "बरं. जावईबापू एवढं म्हनायलेत तर बघू." तो होकार होता की जावयाचा मान होता, हे मी विचारलं नाही.

मशीन आली. वसमत रोडवर योगीराजच्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी ती उभी केली. वीज त्याची, शटरही त्याचंच. पाकिटावरचं लेबलही त्याच्याच काँप्युटरवर बनवायचं होतं. अर्पितामॅडमनी फोनवर सांगितलं होतं, "लेबलवर उत्पादकाचा फोटो आणि नाव टाका. ग्राहकाला कनेक्ट वाटलं पाहिजे." मामींचा फोटो टाकला. खाली थोडी जागा उरली.

"नंबर टाकू का?" योगीराजनं विचारलं. "कुणाला काय इचारायचं असलं तर?"

"टाक."

"तुमचा?"

आता मी सरकारी नोकर. वाजणारा फोन उचलायचा नसतो हे माझ्या अंगात भिनलेलं. मी म्हणालो, "माझा कशाला? उत्पादकाचाच टाक. थेट म्हणजे थेट." आणि खाली एक ओळही घातली : काहीही विचारायचे असल्यास निःसंकोच फोन करा.

धम्मशीलानं लेबल बघितलं नि कपाळाला हात लावला. "अहो, आईचा नंबर? ती निःसंकोच बोलते!"

"तेच तर पाहिजे," मी म्हणालो.

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. मशीनच्या अॅपवर विक्री दिसायची. मी कचेरीत टेबलाखाली फोन धरून बघत बसायचो. येसर गेलं. चटणी गेली. खारोड्या, खारोड्या, खारोड्या! शेजारच्या टेबलावरचे माणिकराव म्हणाले, "सिद्धोधनराव, आजकाल तुमी कामात लय खूश दिसायलाव." ते कामात नव्हतं एवढंच.

मग हळूहळू अॅप गप्प झालं. एक दिवस शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. मी अॅप काढून परत टाकलं, फोन बंद करून चालू केला, तरी शून्य. अर्पितामॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मशीन व्यवस्थित आहे सर. ग्राहकच बटण दाबत नाहीयेत."

संध्याकाळी मी योगीराजच्या दुकानात झेरॉक्स मशीनच्या आड लपून बसलो. ("सरका जरा, कागद अडकायलाय," योगीराज दर मिनिटाला म्हणायचा.) हेल्मेट घातलेला एक माणूस आला. काचेतून खारोड्या बघितल्या, येसर बघितलं, मामींचा फोटो नीट निरखला. मग खिशातून फोन काढला. आता पैसे देणार म्हणून मी श्वास रोखला. त्यानं हेल्मेट न काढता पाकिटावरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, तुमी पाकिटावरल्या बाई का?"

"हाव. बोला दादा. कोन गावचे?" काचेच्या आतून मामीच बोलल्यासारखा आवाज आला.

"पिंगळीचा. म्हटलं येसर घ्यावं. कसं हाय?"

"पिंगळीचे? आमच्या गटातल्या कमलबाईची लेक पिंगळीलाच दिली की! स्टेशनाच्या अंगाला घर हाय त्यांचं."

"अन् ते योगायोगानं आमच्या वाड्यालगतच हाय!" हेल्मेट आनंदलं. मग लेक, तिचं बाळ, बाळाला झालेली सर्दी, सर्दीवरचा काढा असं सगळं होऊन गाडी येसरावर परत आली. "तर येसर घेऊ म्हनता?"

"तिथलं कशाला घेता दादा? ते मागल्या आठवड्यातलं हाय. त्या मशिनीत वरून धपकन आपटतं. झरीला या, आजच भाजलंय. वास येत असंल बघा फोनातनं."

मी शपथेवर सांगतो, त्या माणसानं फोन हेल्मेटच्या फटीतून नाकापाशी नेला. मग "येतो, येतो" म्हणत गाडीला किक मारली आणि गेला. झरीच्या दिशेनं.

"रोज असंच चाललंय," योगीराज म्हणाला. "मला वाटलं तुमाला मालूम असंल. पाटी लय चांगली झाली म्हनतेत लोक."

म्हणजे एवढी लाखमोलाची मशीन आमच्या मामींच्या घराची पाटी झाली होती.

रविवारी धम्मशीलाला घेऊन झरीला गेलो. दारात मोटारसायकलींची रांग, एक ऑटो, आणि ओसरीवर माणसं चहा पीत बसलेली. एक बाई लग्नाच्या मुलीचा बायोडाटा घेऊन आली होती. गटातल्या बायका आत भाजत होत्या, कांडत होत्या, आणि पातेल्याभर धपाटे बाहेर पाठवत होत्या, तेही फुकट.

"या जावईबापू!" मामी म्हणाल्या. "तुमची मशीन लय गुनाची हाय. किती मानसं धाडायलीय बघा!"

मी त्यांना एका बाजूला घेतलं. "मामी, लोकांनी मशीनमधून घ्यायला पाहिजे. तुम्ही तसं सांगा ना त्यांना."

"शिळं घ्या म्हनू?"

"शिळं नाही हो. टिकाऊ."

"टिकाऊ हाय तर तुमीच घ्या की!" मामी हसत म्हणाल्या आणि कुणाला तरी साखर पाहिजे म्हणून आत गेल्या.

परत येताना अर्पितामॅडमचा फोन आला. महिनाअखेरीस त्या स्वतः पाहणीला येणार होत्या. विक्री अशीच राहिली तर मशीन दुसऱ्या जिल्ह्यात हलवावी लागेल, सॉरी सर. मागे बसलेल्या धम्मशीलानं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "कौतुक करत होत्या."

का म्हणालो कुणास ठाऊक. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो तिथे काही दिवस राहावा असं वाटलं, एवढंच.

रात्रभर मामींचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. तुमीच घ्या की. सकाळी उठलो आणि घेतलं. कचेरीच्या वाटेवर मशीनसमोर उभा राहिलो, नंबर दाबला, पैसे दिले, खारोड्यांचं पाकीट धपकन खाली आलं. अॅपवर आकडा हलला. एवढा आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही. मग येसर घेतलं. मग चटणी.

आता ही पाकिटं ठेवायची कुठे? घरी नेली तर धम्मशीला विचारणार. कचेरीतल्या लोखंडी कपाटात ठेवली, तर साहेब दुपारपर्यंत शिंकत राहिले आणि शिपायाला फाइली झटकायला लावल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मशीनची चावी माझ्याकडेच आहे. भरायचं कामही माझंच. आणि झरीहून नवा माल येत नव्हता, कारण तो झरीतच खपत होता. मग मी संध्याकाळी मशीन उघडली आणि सकाळची पाकिटं परत जागेवर लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी तीच पाकिटं पुन्हा घेतली, पुन्हा लावली. (आवक-जावक विभागाचा अनुभव असा कुठेही उपयोगी पडतो.) विक्री जोरात सुरू झाली. पैसे गटाच्या खात्यात पडू लागले. मामींचा धम्मशीलाला फोन आला, "माल धाडला न्हाई तरी पैसे यायलेत गं. मशीन लय इमानदार हाय!"

एकच अडचण होती. पैसे दिल्यावर मशीनच्या पडद्यावर एक रकाना यायचा : मोबाइल नंबर टाका आणि गुण मिळवा. तो सोडून देता येत होता. पण सरकारी नोकरानं रिकामा रकाना कसा सोडायचा? अर्पितामॅडमकडे असलेला नंबर टाकणं धोक्याचं, हे मला कळलं. म्हणून मी हुशारीनं माझा दुसरा नंबर टाकत गेलो. रोज.

पाहणीच्या दिवशी सगळे जमले. मामी झरीहून नवं लुगडं नेसून आल्या. धम्मशीलानं शाळेतून अर्धी रजा काढली. योगीराजनं मशीनला हार घातला. अर्पितामॅडम गाडीतून उतरल्या त्याच हसत.

"सर, कमाल आहे! शून्यावरून इतकी रिकव्हरी! आणि एक विशेष गोष्ट. यातली जवळजवळ सगळी खरेदी एकाच ग्राहकानं केलीय. रोज न चुकता! असा लॉयल ग्राहक आम्हाला पुण्यातसुद्धा मिळाला नाही. मला त्यांना भेटायचंय, सत्कार करायचाय, व्हिडिओ करायचाय."

"त्यांना कदाचित आवडणार नाही," मी म्हणालो.

"विचारून बघू ना. नंबर आहे माझ्याकडे." आणि त्यांनी फोन लावला.

माझा खिसा वाजायला लागला.

मी रस्त्याकडे बघत म्हणालो, "कुणाचा तरी फोन वाजतोय."

"तुमचाच हाय की," योगीराज म्हणाला.

मी खिशातल्या खिशात तो कापला. मॅडमनी परत लावला. खिसा परत वाजला.

"उचला की जावईबापू," मामी म्हणाल्या. "कुनाचं अर्जंट असंल."

मी उचलला. दुसरं काय करणार? "हॅलो," मी हळूच म्हणालो.

"नमस्कार सर!" मॅडम आपल्या फोनात उत्साहानं म्हणाल्या. "तुम्ही आमचे सर्वात..." आणि थांबल्या. त्यांचाच आवाज दोन पावलांवरून, माझ्या कानापासून, त्यांना परत ऐकू येत होता. त्यांनी फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी अजून फोन कानाला लावून उभा होतो. काय सुचलं कुणास ठाऊक, म्हणालो, "बोला मॅडम, ऐकतोय."

तेवढ्यात मामींनी काचेत वाकून बघितलं. "मशीन उघडा," त्या म्हणाल्या. मी उघडली. त्यांनी खारोड्यांचं एक पाकीट हातात घेतलं. रोज पडून पडून त्याच्यावरचा मामींचा फोटो इतका चुरगळला होता की फक्त कुंकवाची जागा ओळखू येत होती. मामींनी पाकीट फोडलं आणि तळहातावर ओतलं. पीठ पडलं. बारीक, चाळून काढल्यासारखं.

"ह्या माझ्या खारोड्या हायत?"

मी मान हलवली.

"माझा फोटू लावून तुमी लोकाला पीठ इकायलाव?"

"लोकांना नाही, मामी," मी म्हणालो. "फक्त मला."

मग सगळं सांगितलं. आळीपाळीनं चौघांकडे बघत सांगितलं, कारण कुणा एकाकडे फार वेळ बघवत नव्हतं. मामींना शिव्या देता येतात, गावातल्या भल्याभल्यांनी त्या खाल्ल्यात. पण त्या नुसत्या तळहातावरच्या पिठाकडे बघत राहिल्या. भर उन्हात गच्चीवर बसून एकेक गोळी हातानं घातलेली असते ती. मला पहिल्यांदाच कळलं की मी रोज काय आपटत होतो.

"पन का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मशीन जाईल म्हणून. आणि..." धम्मशीला माझ्याकडेच बघत होती. "जावयानं एक काम नीट केलं, असं तुम्ही एकदा तरी म्हणावं म्हणून."

मामींनी पदराच्या टोकानं हात पुसला. "तसं तर मी मागंच म्हनले व्हते. पन तुमच्या माघारी म्हनले." मग अर्पितामॅडमकडे वळून म्हणाल्या, "न्यायची तर न्या बाई मशीन. इज्जत घालून ठिवायची न्हाई."

मॅडम काही म्हणणार तेवढ्यात, दवाखान्याची पांढरी साडी नेसलेली एक बाई घाईघाईनं आली, मशीनसमोर थांबली आणि फोन काढून नंबर लावायला लागली. मग तिचं लक्ष मामींकडे गेलं. तिनं पाकिटावरचा फोटो बघितला, मामींना बघितलं.

"अगं बया! मावशी, तुमीच का? मी राजेश्री. मागं येसराचं इचारलं व्हतं बघा, नर्स हाय म्हनून."

"आगं तू! आली न्हाईस की झरीला. वाट बघून मरायले."

"कशी येऊ मावशी? ड्युटी संपली की घरी लेकरं. तुमी म्हनता शिळं घेऊ नको, अन् ताज्यासाठी झरीपतूर यायला मला सवड न्हाई. मंग मी खावं काय?"

मामींना कुणी असं उलटं विचारत नाही. त्या जरा विचारात पडल्या. "मंग असं कर. मला आदल्या दिशी फोन कर. मी सांजच्याला भाजते, सकाळच्या जीपनं धाडते. ह्या मशिनीत तुझ्या नावाचं ठिवायला लावते. ड्युटीहून जाताना घे. चालंल?"

"पळंल!" राजेश्री म्हणाली.

अर्पितामॅडमचे डोळे चमकले. "म्हणजे प्री-ऑर्डर! फोनवर ऑर्डर, ताजं उत्पादन, मशीनमधून डिलिव्हरी! आणि वरून पडायला नको, आमच्याकडे कप्प्यांची मशीन आहे, कोड टाकला की दार उघडतं."

"तुमी काय बी म्हना त्याला," मामी म्हणाल्या. "हातात दिल्यागत झालं म्हंजी झालं."

तर कप्प्यांची मशीन आली आणि राहिली. आता वसमत रोडवर संध्याकाळी डॉक्टर, मास्तर, नर्सा, हेल्मेटवाले असे सगळे आपापल्या नावाचा कप्पा उघडतात. कप्प्यात येसराबरोबर कधी न मागितलेली चार भेंडी असतात, कधी काढ्याची पुडी. माल भरण्याचं काम योगीराजकडे गेलं. माझ्याकडची चावी धम्मशीलानं काढून घेतली, तीही प्रेमानं, "दमलात तुम्ही" म्हणून.

परवा आम्ही झरीला गेलो. ओसरीवर त्या दिवशी गर्दी नव्हती, सगळा माल सकाळच्या जीपनं गेला होता. मामी मला बघून खूश दिसल्या. "बसा, बसा," म्हणत त्यांनी पाट मांडला. धम्मशीलाच्या ताटात गरम धपाटे, कारळाची चटणी, दही. माझ्या ताटात वाफाळती वाटी. मी चमचा घातला. राखाडी, घट्ट, काहीतरी पिठलंवजा.

"मामी, हे काय?"

"तुमच्या खारोड्या. पीठ झालेलं काय करावं म्हनून कालवून शिजिवलं. अजून लय पाकिटं हायत."

"मला पण धपाटे चालले असते," मी म्हणालो.

"असं कसं? दुसऱ्याच्या मालाला हात लावायची आमची पद्धत न्हाई. तुमी इकत घेतलेल्या हायत त्या, अन् रोज घेतलेल्या हायत!"

मी धम्मशीलाकडे बघितलं. वाटलं, बायको काहीतरी म्हणेल. तिनं दह्यात धपाटा बुडवला आणि ती म्हणालीही.

"वाटी पूर्ण संपवूनच उठा. नाहीतर उरलेलं नेऊन परत मशीनमध्ये ठेवाल."